पुसलेला चट्टा

शकुनचा हात इस्त्रीला टेकला, आणि जळल्याचा वास आधी वैजयंताला आला.

वैजयंता बहिणीकडे दुपारच्या चहाला आली होती. कोरंबीच्या बाजारपेठेमागं दोन खोल्यांत शकुन ब्लाउज शिवायची. तिच्या हातच्या बाह्यांसाठी चार गावांच्या बायका यायच्या. एका हातानं ब्लाउजची पट्टी सरळ करत, दुसऱ्या हातानं इस्त्री धरून ती बोलत होती.

"अवं हात! हात काढ!" वैजयंता ओरडली.

"कोणता?" शकुननं विचारलं.

उजव्या हाताच्या करंगळीची कड इस्त्रीच्या तापलेल्या पत्र्याला चिकटली होती. वैजयंतानं झेप घेऊन तो हात ओढला. कातडी पांढरी पडून सोलली होती. शकुन त्या बोटाकडं दुसऱ्या कुणाचं असावं तशी बघत राहिली.

"दुखत नाही?"

"नाही ना व. मुंग्या येऊन येऊन आता काहीच समजत नाही त्या बोटात. सुईसुद्धा टोचते न् मले रक्त दिसल्यावर समजते."

त्याच संध्याकाळी वैजयंतानं तिला डॉक्टर काझींकडं नेलं. नसीम काझी सत्तरीच्या पुढचे. उभी हयात कुष्ठरुग्णांच्या दवाखान्यात काढून ते निवृत्त झाले होते, आणि कोरंबीत एका खोलीत बसून येईल त्याला तपासत होते. भाजलेल्या बोटाला मलम लावून होताच त्यांनी शकुनचं कोपर दुमडलं आणि हाडामागच्या खाचेत बोट घालून चाचपलं. मग तिला दिव्याखाली आणून हात उलटासुलटा केला. कोपराखाली, बाहेरच्या बाजूला, रुपयाच्या नाण्याहून थोडा मोठा फिकट चट्टा होता. नीट पाहिल्याशिवाय दिसला नसता इतका फिकट.

"हा कधीपासून आहे?"

"असेल दोन वर्षांचा. सुरमा असेल, घामानं पांढुरके डाग येतात तसा, म्हणून सोडून दिलं."

डॉक्टर खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले. "शकुनबाई, हा कुष्ठरोग आहे. घाबरू नका. औषध आहे, फुकट मिळतं, वर्षभर घ्यायचं. रोग पूर्ण बरा होईल. पण कोपरामागची नस दोरीसारखी जाड झाली आहे. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, या दोन बोटांचं मी खात्रीनं सांगू शकत नाही. दीड वर्षापूर्वी आला असतात तर गोळ्यांचं पाकीट देऊन घरी पाठवलं असतं. बोटांना काही झालं नसतं."

"पण तपासणी झाली होती जी," शकुन म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक झाला होता की वैजयंताला वळून पाहावं लागलं. "दोनदा झाली. हिरवी खूण आली होती."

"कुणी हात लावून पाहिलं?"

"फोटो काढले जी."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

तपासणी म्हणजे 'त्वचासेतू'. चार वर्षांपूर्वी, २०३३ साली ही योजना जंगलपट्टीतल्या जिल्ह्यांत आली होती. गावोगावच्या आशाताई घरी येऊन मोबाइलनं प्रत्येक माणसाचे सहा फोटो काढत. फोटो दूरच्या शहरात जात, तिथं आधी यंत्र आणि मग तज्ज्ञ ते बघत, आणि दोन दिवसांत नावापुढं हिरवी किंवा लाल खूण येई. योजना आल्यावर फिरती पथकं बंद झाली. कातडीला हात लावणारी माणसं कमी करण्यात आली, कारण फोटो स्वस्त पडत होता. जिल्ह्यात कुष्ठरोगाचे नवे रुग्ण निम्म्यावर आले म्हणून योजनेचा सत्कारही झाला होता.

वैजयंता नगराळेचा कोरंबीत फोटो स्टुडिओ होता. बावीस वर्षं तिनं लग्नं, बारशी, साक्षगंधं टिपली होती. शिवाय संगणक शिकवणीच्या वर्गात आठवड्यातून दोनदा ती छायाचित्रणाची भाषा शिकवायची: एक्स्पोजर म्हणजे काय, व्हाइट बॅलन्स कशासाठी, लेयरवर लेयर कसा चढवायचा. फोटो कसा बनतो हे तिला ठाऊक होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळीच ती कांता कुमरेकडं गेली. कांता त्या भागाची आशाताई, शकुनची शेजारीण.

"दाखव मले शकुनचे फोटो."

कांतानं मोबाइल पुढं केला. दीड वर्षापूर्वीचा फोटो, शकुनचा उजवा हात, कोपरापासून मनगटापर्यंत. कातडी एकसारखी, गव्हाळ, तुकतुकीत. चट्ट्याचा मागमूस नाही.

"मी नीट काढला होता ताई," कांता म्हणाली. "अंगणात उजेडात नेऊन काढला. मलेच चट्टा दिसल्यासारखा वाटला होता. पण फोटोत आला नाही, म्हणून म्हटलं माझ्याच डोळ्यात काहीतरी असेल."

वैजयंतानं तारीख पाहिली. शकुनच्या पोरीच्या लग्नाचा आदला दिवस. त्या दिवशी ती स्वतः त्याच अंगणात कॅमेरा घेऊन उभी होती.

जुन्या डिजिटल कॅमेऱ्यात भिंगामागं एक सेन्सर असतो. लाखो बारीक खिडक्यांची जाळीच म्हणा. प्रत्येक खिडकीत किती उजेड पडला त्याचा आकडा तो लिहून ठेवतो. त्या आकड्यांची जशीच्या तशी फाइल म्हणजे 'रॉ'. ती दिसायला मळकट असते, पण समोर जे होतं ते तिच्यात असतं. उजेड कमी पडला की आकड्यांत खोटे ठिपके मिसळतात. त्यांना 'नॉइज' म्हणतात आणि ते काढून टाकणं हे संपादनाच्या सॉफ्टवेअरचं जुनंच काम.

मोबाइलची गोष्ट वेगळी झाली होती. त्याचं भिंग मसुरीच्या दाण्याएवढं, पुरेसा उजेड येणार कुठून? त्यावर एका कंपनीनं 'पूर्णचित्र' नावाची चिप काढली. ही चिप सेन्सरकडून जेमतेम दहावा हिस्सा माहिती घ्यायची. उरलेले नऊ हिस्से, शिकवताना दाखवलेल्या कोट्यवधी सुंदर फोटोंवरून अंदाज बांधून, स्वतः भरायची. सेन्सरचे मूळ आकडे त्याच क्षणी नष्ट व्हायचे. फोटोवर चिपची सही उमटायची, म्हणजे नंतर कुणी त्यात फेरफार करू नये. खरा फेरफार चिपनं सहीआधीच करून ठेवलेला असायचा. पाच वर्षांत बाजारातल्या प्रत्येक मोबाइलमध्ये ही चिप आली. फोटो देखणे येत होते, तेव्हा तक्रार कोण करणार?

वैजयंता मात्र लग्नं अजून जुन्या कॅमेऱ्यावरच काढायची आणि रॉ फाइली जपून ठेवायची. स्टुडिओत येऊन तिनं त्या दिवसाचं फोल्डर उघडलं. लेकीच्या केसांत गजरा माळणारी शकुन, उजवा हात वर उचललेला. तिनं फोटो मोठा केला, कॉन्ट्रास्ट थोडा चढवला. कोपराखाली चट्टा. स्पष्ट.

ती खुर्चीतून उठलीच. एकच दिवस, एकच अंगण, एकच हात! एका यंत्रानं चट्टा पाहिला होता आणि दुसऱ्यानं गिळला होता. आता योजनावाले तावडीत सापडले, असं तिला वाटलं. फोटोंची जोडी शेजारीशेजारी लावावी म्हणून तिनं लग्नाच्या अल्बमसाठी तयार केलेली तीच फाइल उघडली.

अल्बममधला हात स्वच्छ होता.

तिनं लेयरची, म्हणजे फोटोवर चढवलेल्या थरांची, यादी उघडली. सगळ्यात वर 'हात' नावाचा लेयर होता. तिनंच नाव दिलेला. हीलिंग ब्रशचे दोन फटकारे, आजूबाजूची चांगली कातडी उचलून चट्ट्यावर पसरलेली. तिनं तो लेयर बंद केला, चट्टा आला. चालू केला, चट्टा गेला. दीड वर्षापूर्वी आपल्याला हा चट्टा दिसला होता, आणि सख्ख्या बहिणीला 'हे काय गं' एवढंही न विचारता आपण तो पुसून टाकला, हे तिच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. त्यानंतर त्या दिवशी तिनं स्टुडिओ बंद केला.

तरीही योजनेच्या कार्यालयाकडं तक्रार तिनं पाठवलीच. रॉ फाइल जोडली, डॉक्टर काझींचं पत्र जोडलं. बारा दिवसांनी उत्तर आलं. सोबतची प्रतिमा असंस्कारित असून तीवर प्रमाणित चिपची सही नाही, सबब ती पुरावा म्हणून ग्राह्य धरता येत नाही. पुन्हा तपासणी हवी असल्यास आशाताईंकडून नवीन फोटो काढून घ्यावेत.

"असंस्कारित म्हणे!" डॉक्टर काझी कागद हलवत म्हणाले. "म्हणजे जिच्यात कुणी हात घातला नाही ती फाइल खोटी, आणि जिच्यात नऊ हिस्से मनानं घातलेत ती खरी? कुणी लिहिलं हे? माणसानं लिहिलं की तेही यंत्रानंच?"

वैजयंता विभागाच्या शहरात जाऊन चिप काढणाऱ्या कंपनीच्या कार्यालयात धडकली. दोन दिवस तिला बाकावर बसवून ठेवलं. तिसऱ्या दिवशी अमोघ सरदेशपांडे नावाचे अभियंते भेटले. वागायला अतिशय सौम्य. त्यांनी दोन्ही फोटो पाहिले आणि अजिबात वाद घातला नाही.

"हे असं होऊ शकतं, मॅडम," ते म्हणाले. "चिपच्या लेखी कातडीवरचा फिकट, अस्पष्ट कडांचा डाग म्हणजे नॉइज. तिला तसंच शिकवलं आहे."

"कुणी शिकवलं?"

"फोटोंच्या जोड्यांनी. संपादनाआधीचा फोटो आणि नंतरचा. अशा काही कोटी जोड्या दाखवल्या की चिप शिकते, काय ठेवायचं आणि काय काढायचं. आपल्याकडच्या कातडीसाठी बहुतेक जोड्या लग्नाच्या स्टुडिओंमधून आल्या. एक मोफत संपादनाचं सॉफ्टवेअर होतं बघा, साठवणीला जागाही द्यायचं. फोटो शिकवणीला वापरू, असं त्याच्या अटींत लिहिलेलंच होतं."

वैजयंताला ते सॉफ्टवेअर आठवत होतं. आठ वर्षांपूर्वी तिनंच ते आनंदानं घेतलं होतं. आपलं सगळं काम, आधीचं आणि नंतरचं, बावीस हजार जोड्या, तिनं त्यावर चढवल्या होत्या. त्यात किती नवऱ्या होत्या ज्यांच्या गालावरचा, दंडावरचा फिकट डाग आईनं कानात सांगून काढायला लावला होता? तिला मोजता येईना.

"तुमच्या चिपला माझ्यासारख्यांनी शिकवलं," ती म्हणाली. "बरं. पण मी लग्नाचे फोटो करत होते. हे यंत्र दवाखान्यात कुणी नेऊन बसवलं?"

सरदेशपांडेंनी टेबलावरचं पेन उचलून पुन्हा ठेवलं. "तो निर्णय माझ्या पातळीवरचा नव्हता."

गावी येताच तिनं शकुनकडं जाऊन सगळं सांगितलं. लेयरचंसुद्धा. शकुन मशीनपुढं बसली होती. डाव्या हातानं कापड सरकवायची सवय करत होती. करंगळी आणि शेजारचं बोट आता आत वळू लागलं होतं.

"तुले दिसला होता," ती म्हणाली.

"हो."

"न् तू पुसला."

"सवयीनं पुसला व. विचारच नाही केला."

"कंपनीवाल्यांवर एवढी आग पाखडत फिरत होती तू. मले वाटलं, माझी बहीण माझ्यासाठी भांडून राहिली." शकुननं मशीनवरचं कापड ओढून काढलं. "जा तू आता. मले काम आहे."

पंधरा दिवस शकुननं वैजयंताला दार उघडलं नाही. डॉक्टरांच्या गोळ्या कांता नेऊन द्यायची, कांताच खबर आणायची.

त्याच काळात जिल्ह्याच्या ठिकाणी बैठक लागली. डॉक्टर काझींनी जुन्या ओळखी वापरून ती लावून घेतली होती. योजनेचे संचालक डॉक्टर पाठराबे मध्यभागी, एका बाजूला सरदेशपांडे, समोर काझी आणि वैजयंता. पाठराबेंनी हसून सांगितलं, की कंपनीनं सूचनेची दखल घेतली आहे आणि पुढच्या तिमाहीपासून चिपमध्ये 'वैद्यकीय मोड' येणार आहे. त्यात त्वचेची सुधारणा बंद राहील.

"आणि ज्यांना हिरवी खूण देऊन झाली आहे?" वैजयंतानं विचारलं. "जिल्ह्यात चार लाख माणसं आहेत."

"ते फोटो पुन्हा तपासता येणार नाहीत. मूळ माहिती साठवलेलीच नसते."

"फोटो नाहीत जी, माणसं. माणसं आहेत ना अजून? त्यांना कळवणार की नाही?"

"हे बघा, अशा रोगाबाबत घबराट पसरवणं योग्य नाही. लक्षणं वाढली की लोक आपणहून येतीलच."

वैजयंता उभी राहिली. "वाढली की म्हणजे काय वाढली की? बोटं वाकली की? माझी बहीण शिवणकाम करते. तिचा हात इस्त्रीवर भाजला तेव्हा तिनं मला विचारलं, कोणता हात! एवढं झाल्यावर यायचं का लोकांनी? चट्टा मीही पुसला, डॉक्टरसाहेब. मला दिसला होता आणि मी पुसला. ते मी तिच्या तोंडावर सांगितलं, आता तुमच्यासमोर सांगते. तुमच्याकडून चूक झाली, हे तुम्ही कधी सांगणार? कुणाला सांगणार?"

पाठराबेंनी घड्याळाकडं पाहिलं. बैठक संपली.

परतताना एसटीत काझी म्हणाले, "आता?"

"आता स्टुडिओच्या दारात लावते मी. दोन्ही फोटो. मोठे करून."

"हात शकुनचा आहे. लोक ओळखतील. या रोगाचं नाव लागलं की काय होतं ते मी पन्नास वर्षं पाहिलंय. तिला विचारल्याशिवाय एक कागद लावू नका."

दुसऱ्या दिवशी वैजयंता शकुनच्या बंद दाराशी उभी राहिली आणि बाहेरूनच बोलली. बैठकीत काय झालं ते सांगितलं, काय करायचा विचार आहे ते सांगितलं. नाही म्हणालीस तर नाही, म्हणाली. आत मशीन थांबलं. बऱ्याच वेळानं कडी निघाली.

"माझ्या पोरीच्या सासरी काय म्हणतील?" शकुननं विचारलं.

"माहीत नाही."

"गिऱ्हाइकं तुटतील."

"तुटतील. माझीही तुटतील."

शकुन दाराच्या चौकटीला टेकली. मग म्हणाली, "नाव न लिहिता लावशील तर लोकांना वाटेल आपण तोंड लपवून राहिलो. माझं नाव लिही खाली. पण तुझंही लिही. तू काय केलं तेही लिही."

बुधवारच्या बाजाराच्या दिवशी स्टुडिओच्या दारात पुरुषभर उंचीचे दोन फोटो लागले. एकात चट्टा असलेला हात, दुसऱ्यात नसलेला. खाली वैजयंतानं स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं: हा हात शकुंतला रामटेके यांचा. यावरचा चट्टा मोबाइलनं पुसला, आणि त्यांची बहीण वैजयंता नगराळे हिनंही पुसला. हा कुष्ठरोग आहे, औषधानं बरा होतो. हिरव्या खुणेवर विसंबू नका. कातडीला हात लावणाऱ्या डॉक्टरकडं जा.

दुपारपर्यंत लोक नुसते बघून पुढं जात होते. दोघींनी फोटोला पाठ करून कुजबुज केली, एकानं वैजयंताला तोंडावर मूर्ख म्हटलं. ठरलेली दोन लग्नं त्याच दिवशी हातची गेली. मग चारच्या सुमारास भाजी विकायला आलेली एक बाई टोपली खाली ठेवून फोटोसमोर उभी राहिली. तिनं लुगड्याचा पदर बाजूला करून दंड दाखवला. "असाच आहे जी माझाही," ती म्हणाली. "मलेही हिरवी खूण आहे."

शनिवारपर्यंत काझींच्या दारात रांग लागली. आठवडाभरात त्यांनी एकोणतीस जणांना चिठ्ठी लिहून तालुक्याच्या दवाखान्यात पाठवलं. सगळे योजनेच्या लेखी निरोगी. बातमी छापून आली तेव्हा पाठराबेंनी आधी खुलासा दिला, मग दुसरा खुलासा दिला, आणि तिसऱ्या आठवड्यात हिरव्या खुणेच्या लोकांची गाववार यादी फेरतपासणीसाठी मुकाट्यानं आशाताईंच्या हातात पडली. फिरती पथकं मात्र परत आली नाहीत. त्यासाठी माणसं नाहीत, असं सांगण्यात आलं. वैद्यकीय मोड वेळेवर आला आणि त्याची जाहिरातही झाली. चूक झाली असं कुणीही, कुठंही लिहिलं नाही.

शकुनचा रोग औषधानं आटोक्यात आला. दोन बोटं वाकलेलीच राहिली. पुढं शस्त्रक्रिया करून बघता येईल, असं काझी म्हणाले. तोवर ती तीन बोटांनी कात्री धरायला शिकली. बहिणीशी बोलायची, पण पूर्वीसारखं नाही.

कोरंबीच्या यादीत दोन हजार तीनशे नावं होती. कांता एकटीनं किती करणार? काझींनी वैजयंताला तपासणीच्या नोंदी ठेवायला शिकवलं, आणि त्या उन्हाळ्यात दोघी घरोघर फिरू लागल्या.

पहिलं घर देवाजी मडावींचं. पन्नाशीचे, आडदांड, बांबूचं काम करणारे. सदरा काढायला सांगितल्यावर ते हसले.

"मले काय झालं जी? मोबाइलनं पास केलं आहे."

"माहीत आहे दादा. दोन मिनिटं लागतील," कांता म्हणाली.

पाठीवर, डाव्या खांद्याखाली, तळहाताएवढा फिकट भाग होता. कांतानं वैजयंताकडं पाहिलं आणि पिशवीतून कापूस काढून त्याचं टोक वळलं.

"आता डोळे मिटा. मी कापसानं शिवीन. जिथं शिवलं असं वाटेल तिथं बोट लावून दाखवा."

देवाजींनी डोळे मिटले. कांतानं उजव्या खांद्याला कापूस लावला. त्यांनी झटकन बोट ठेवलं. मानेला लावला, बरोबर दाखवलं. मग तिनं फिकट भागावर कापूस टेकवला. एकदा. दुसऱ्यांदा, जरा खाली. तिसऱ्यांदा, अगदी मध्यभागी. चौथ्यांदा.

देवाजी डोळे मिटून, बोट उचलून तयार बसले होते.

"लावा ना ताई," ते म्हणाले. "थांबल्या काहून?"